सरांची साखर

सर ॲडमिट व्हायला यायचे ते दाढी करून. ओकाऱ्या होऊन होऊन घसा सोललेला असायचा, श्वास धापा टाकल्यासारखा खोल चाललेला असायचा, तोंडाला उतरलेल्या फळांसारखा तो वास यायचा, जो एकदा ओळखीचा झाला की नर्सला दारातूनच कळतो. पण गाल गुळगुळीत. केस ओले करून विंचरलेले. पांढरा हाफ शर्ट पँटीत नीट खोचलेला. रिक्षावाला एका बाजूने त्यांना धरून आणायचा आणि त्याच्या दुसऱ्या हातात त्यांची बॅग असायची. तिच्यात टॉवेल, साबण, स्टीलचा पेला आणि बाथरूमला जायच्या वेगळ्या चपला. बाकीची माणसं आजारी पडून आमच्याकडे यायची. सर मुक्कामाला यायचे.

"एवढा त्रास होत असताना बॅग कधी भरलीत?" मी एकदा सलाईन लावता लावता विचारलं.

"रिकामी केलीच नव्हती गो," ते डोळे मिटूनच म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं होतं.

सिल्वासातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी पुरुषांच्या वॉर्डात नर्स आहे. सर इथल्याच एका मराठी शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. मूळचे देवगडकडचे, पण तरुणपणी नोकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. नवरा वारल्यावर त्यांची धाकटी बहीण लहान मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली आणि गावातल्याच टोकरखाडा भागातल्या त्यांच्या घरात तिघांचा संसार झाला. भाच्याला सरांनीच शिकवलं, इंजिनिअर केलं. तो डोंबिवलीला नोकरीला गेला, तिथेच लग्न करून राहिला. मग बहीण वारली. हे सगळं त्यांनी एका बैठकीत कधी सांगितलं नाही. कधी सुई टोचताना, कधी सलाईन बदलताना, असं तुकड्यातुकड्याने माझ्यापर्यंत आलं.

त्यांचा मधुमेह गोळ्यांवर भागणारा नव्हता. शरीर इन्सुलिन बनवायचं जवळजवळ थांबलं होतं. सुई चुकत राहिली की त्यांच्या रक्तात आम्ल साठायचं आणि माणूस हळूहळू बेशुद्धीकडे सरकायचा. मग आमची धावपळ. सलाईन, इन्सुलिन, तासातासाला साखर. एकदोन दिवसांत सर उठून बसायचे आणि तिसऱ्या दिवशी वॉर्ड त्यांच्या ताब्यात जायचा.

त्यांना खिडकीजवळची खाट लागायची. तिथे दुसरा पेशंट असला तर त्याच्याशी गोड बोलून अदलाबदल करून घ्यायचे. सुरुवातीला एकदा त्यांनी सकाळी शिट्टी वाजवली होती, खरीखुरी, शाळेतली, गळ्यात दोरीने अडकवलेली. समोरचा हार्टचा पेशंट दचकून उठून बसला. डॉक्टरांनी शिट्टी काढून घेतली आणि डिस्चार्जच्या दिवशी परत दिली. तेव्हापासून सर टाळी वाजवायचे. मी साखर तपासायचं मशीन घेऊन आत शिरले की टाळी, आणि मागोमाग आवाज, "बोटं पुढे! डावा हात! रडायचं नाही!" आणि त्या ओळीतले सगळे मधुमेही, त्यात कंपनीतले सुपरवायझर होते, शेतकरी होते, एकदा एक पोलीस होता, निमूटपणे डावा हात पुढे करून बसायचे. माझं काम निम्म्या वेळात व्हायचं. खोटं कशाला बोलू, ते असले की मला बरं वाटायचं.

पोट सुटलेल्या माणसाची त्यांना मनापासून चीड होती. आमच्या एका डॉक्टरांनाही त्यांनी राउंडच्या वेळी ऐकवलं होतं, "साहेब, तुम्ही मला चालायला सांगता. चला, दोघं जाऊ." डॉक्टर हसले, पण पुढचे दोन दिवस त्यांच्या खाटेशी जरा घाईत उभे राहिले.

इन्सुलिन घ्यायला शिकवावं ते सरांनीच. घरी जाणाऱ्या पेशंटला आम्ही समजावून सांगतो की रोज एकाच जागी टोचू नका, तिथे गाठ धरते, औषध नीट लागू पडत नाही. पेशंट मान हलवतात आणि घरी जाऊन रोज बेंबीशेजारी एकाच जागी टोचतात. राखोलीच्या एका कंपनीत कामाला असलेला शिरपूरकडचा तरुण होता. मधुमेह नुकताच निघालेला. सुई बघितली की तो हात मागे घ्यायचा.

"सर, माले भ्याव वाटस," तो रडकुंडीला आला होता.

"शाळेत काय खेळायचास?"

"खो-खो."

सरांचा चेहराच उजळला. माझ्या खिशातलं बॉलपेन त्यांनी मागितलंही नाही, सरळ घेतलं. त्या पोराचा शर्ट वर करून त्याच्या पोटावर चौकोन आखले. "हे मैदान. हा एक गडी इथे बसला, हा इथे, हा इथे. आज सुई इथे. उद्या ह्याने खो दिला, सुई पुढच्या चौकोनात. ज्या चौकोनातून उठलास तिथे लगेच परत बसायचं नाही. बसलास तर फाउल. कळलं?"

पोरगा पोटाकडे बघत राहिला आणि हसला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची सुई स्वतः घेतली. सर शेजारी उभे होते, कमरेवर हात ठेवून. सुई बाहेर आल्यावर "शाब्बास" म्हणाले ते इतक्या हळू, की मैदानावर ओरडण्यात जन्म गेलेल्या माणसाचा तो आवाज वाटलाच नाही. तो मुलगा अजून तपासणीला येतो. सुई चुकवत नाही.

सरांच्या विक्षिप्तपणातली एक गोष्ट मात्र मला कधी आवडली नाही. दवाखान्याचं जेवण येतं ते एका टोकापासून वाटत येतं. सरांची खिडकीजवळची खाट ओळीच्या मधोमध. ताट त्यांच्यासमोर आलं तरी शेवटच्या खाटेपर्यंत सगळ्यांना मिळाल्याशिवाय ते घास उचलायचे नाहीत. "पंगत आहे, सिस्टर. वाढून व्हायचंय." मी सांगायचे, तुम्ही सुई घेतलेली आहे, ती थांबणार नाही, तुम्ही खा. ते मान हलवायचे आणि तसेच बसून राहायचे. एकदा शेवटच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं पथ्याचं ताट किचनमध्येच राहिलं. ते येईपर्यंत बराच वेळ गेला. मी फाईल लिहीत होते, सहज वर बघितलं तर सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता, शर्ट छातीला चिकटला होता आणि ते समोरच्या पेशंटला भलत्याच नावाने हाक मारत होते. "अरे शिंदे, रांगेत उभा राहा." साखर पन्नासच्या खाली गेली होती. मी धावत जाऊन पाण्यात ग्लुकोज कालवून त्यांच्या तोंडाला लावलं. थोड्या वेळाने भानावर आले. मी खूप बोलले त्यांना, अगदी सगळ्यांसमोर.

"सॉरी," ते म्हणाले. आणि मग, "पण त्याचं ताट आलं का?"

ते दर थोड्या महिन्यांनी परत कसे येतात हे आम्हाला कळत नव्हतं. वॉर्डात त्यांच्याइतका शहाणा पेशंट नव्हता. वेळा त्यांना पाठ, पथ्य पाठ. डिस्चार्जला साखर उत्तम असायची. औषधाच्या बाटल्या मोफत मिळायच्या आणि ते त्या वेळेवर घेऊन जायचे. तरी पुन्हा एक दिवस रिक्षा, पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. आमच्या डॉक्टर मॅडम गुजराती. त्या लांबूनच कपाळाला हात लावायच्या, "सर, पाछा आवी गया?" त्यांना वाटायचं औषध लागू पडत नाही. डोस वाढवायच्या, बदलायच्या.

मीही टोकरखाड्यालाच राहते. एकदा सर घरी गेले आणि त्यांच्या चपला खाटेखाली राहिल्या. सुट्टीच्या दिवशी मी त्या द्यायला गेले. दार उघडून मला बघितल्यावर त्यांचा चेहरा एखादा विद्यार्थी पकडला जावा तसा झाला. तरी मला बसवलं. घर झाडलेलं, पुसलेलं. भिंतीवर भाच्याची शाळेतली मेडलं, रिबिनी इस्त्री केल्यासारख्या सरळ. चहा करतो म्हणाले आणि दूध काढायला फ्रिज उघडला. दूध नव्हतं. फ्रिजमध्ये पाण्याची एक बाटली होती आणि दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्या, एकीमागे एक, उंचीने लावलेल्या मुलांसारख्या. सगळ्या सीलबंद.

मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले होते. त्यांनी फ्रिजचं दार लावलं नाही. दोघंही त्या बाटल्यांकडे बघत राहिलो.

"घेतच नाही तुम्ही," मी म्हटलं.

"सुरुवातीला घेतो. आठवडाभर."

"मग?"

"सुई घेतली की जेवावं लागतं, सिस्टर. जेवायचं तर रांधावं लागतं. एकट्यासाठी कुकर लावायचा. शिटी होते. तो उघडायचा. ताट घ्यायचं. आणि मग..." त्यांनी हाताने समोरची रिकामी जागा दाखवली. "मग वाटतं, सुईच नको. बिस्किटं खाल्ली की झालं."

"आणि मरायला टेकलात की दवाखाना."

"तिथे बरं असतं," सर म्हणाले. एवढं सरळ, की मला पुढे रागावता येईना.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. मधुमेहावर लेक्चर नाही दिलं, ते त्यांना येत होतंच. हिंदीत एवढंच म्हणाल्या, "सर, हर बार आप किनारे से वापस आते हो. अगली बार शायद हम ना ला पाएँ. फिर?" सर खुर्चीत ताठ बसले होते, पण मान खाली होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, भाच्याचा नंबर द्या. "त्याला कशाला त्रास," म्हणाले. मी हात पुढे करून उभीच राहिले. शेवटी दिला.

भाच्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी दर रविवारी फोन करतो हो. ते म्हणतात ठणठणीत आहे. आवाजही ठणठणीत असतो." त्या दिवसापासून तो रोज सकाळी फोन करायला लागला. सुई घेतली का, काय खाल्लं. आणि सरांनी मला शब्द दिला, "यापुढे सुई चुकणार नाही."

तो शब्द त्यांनी पाळला. तो अख्खा पावसाळा सर ॲडमिट झाले नाहीत. तपासणीच्या दिवशी ओपीडीच्या रांगेत दिसायचे, अंगाने थोडे भरलेले. "आज भात लावला होता, वरण पण," असं काहीतरी न विचारता सांगायचे. मी त्यांना वॉर्डात येऊ देत नव्हते. ते दारातूनच खिडकीकडच्या खाटेकडे बघायचे आणि परत जायचे. मला वाटलं, जमलं. इतक्या वर्षांत मी किती पेशंट घरी पाठवले, त्यातला एक तरी पुरता घरी पोचला असं वाटलं.

पुढचं मला भाच्याने सांगितलं.

एका रविवारी तो एकटाच मामाला भेटायला निघाला. मामाला डोंबिवलीला कायमचं घेऊन जायचं असं नवराबायकोचं ठरलं होतं, ते समोर बसून सांगायचं होतं. दुपारी जेवायला येतो म्हणाला. सरांनी सकाळीच बाजारात जाऊन सुरमई आणली, नारळ आणला. भाच्याला आईच्या हातची आमटी आवडायची, तशी केली. भाचा महामार्गावर अडकला. कुठेतरी ट्रक उलटला होता, गाड्या हलेनात. त्याने फोन केला.

"मामा, मला उशीर होईल. तुम्ही सुई घेतली का?"

"घेतली तर. वेळेवर."

"मग तुम्ही जेवून घ्या."

"ये तू सावकाश. बसू बरोबर."

"मामा, खरंच जेवा."

"बरं बरं."

थोड्या वेळाने त्याने परत फोन केला. सर बोलले, पण जरा अडखळत. त्याला वाटलं रेंज नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा उचलला नाही. अंघोळीला गेले असतील, झोपले असतील, असं म्हणत तो गाडी चालवत राहिला. सिल्वासाच्या तोंडाशी, अथालला, पुन्हा ट्रकांची रांग लागली. घरी पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर दोन ताटं मांडलेली, दोन्ही झाकलेली. सर खुर्चीतून खाली घसरून पडले होते. घोरल्यासारखा श्वास चालला होता आणि शर्ट पिळून काढावा इतका ओला होता.

मी त्या दिवशी दुपारच्या ड्युटीला होते. खाली कॅज्युअल्टीतून फोन आला, तुमचे सर आलेत. मला वाटलं पुन्हा सुई सोडली. धावत गेले. स्ट्रेचरवर सर होते आणि पहिल्यांदाच तो फळांचा वास नव्हता. मशीनवर आकडा उमटला नाही, साखर इतकी खाली होती की मशीनने नुसतं 'लो' दाखवलं. शिरेतून ग्लुकोज दिलं. एरवी सुई अजून शिरेत असतानाच माणूस डोळे उघडतो, कुठे आहे म्हणून विचारतो. सरांची साखर वर आली. शंभर झाली, दीडशे झाली. सरांनी डोळे उघडले नाहीत.

मेंदूला जगायला साखर लागते. ती फार वेळ मिळाली नाही तर तो विझत जातो. सर किती वेळ तसे पडले होते, कुणालाच माहीत नव्हतं.

काही दिवसांनी आयसीयूतून त्यांना वॉर्डात आणलं. मी सांगून खिडकीची खाट मोकळी करून ठेवली होती. त्यांनी डोळे उघडले होते, पण नजर कशावर थांबत नव्हती. शिरपूरचा तो मुलगा तपासणीला आला होता, त्याला कळलं तसा वर आला. "सर," म्हणाला, "सर, मी." सर त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला.

भाचा खाटेशेजारून हलत नव्हता. दाढी वाढली होती, शर्ट दोन दिवसांचा. एकदा मी साखर तपासत असताना तो म्हणाला, "मी जेवा म्हटलं होतं, सिस्टर. दोनदा म्हटलं."

"हो."

"ते बरं म्हणाले होते."

"हो," मी म्हटलं. "तुमची वाट बघत होते. आणखी काही नाही."

हे ऐकून त्याला बरं वाटेल असं मला वाटलं असेल. तो हातात तोंड धरून बसला.

डिस्चार्ज कार्डावर आम्ही 'वेळेवर जेवण' असं लिहितो. छापील शब्द आहेत ते, प्रत्येक कार्डावर असतात. मी आजवर ते हजारो वेळा वाचून दाखवले असतील. ते जेवण कोण रांधणार आणि समोर कोण बसणार, हे विचारायला तिथे ओळ नाही. असती तरी मी तिच्यात काय भरलं असतं, कुणास ठाऊक.

भाचा त्यांना डोंबिवलीला घेऊन जाणार होता. मी त्याला सगळं शिकवलं. आधी चमच्याने भरवायचं, ताठ बसवून, घाई न करता. किती खाल्लं ते बघायचं आणि मगच सुई, मॅडमनी तशी वेगळी लिहून दिली होती. खाल्लं नाही तर सुई नाही, आम्हाला किंवा तिथल्या डॉक्टरांना फोन. घाम आला, अंग गार पडलं तर आधी साखर तपासायची. त्याने सगळं माझ्यासमोर करून दाखवलं. नीट केलं. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना मी सरांचा शर्ट सारखा केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं असं म्हणायचा मोह होतो. नव्हतं ओळखलं.

पहिले काही महिने भाचा अधूनमधून फोन करायचा. मामा आज खुर्चीत बसले. मामांनी आज चमचा धरला. मग हळूहळू सांगायला नवं काही उरलं नाही. परवा बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला.

"तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला, सिस्टर. इथले डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट बघून वाटतच नाही यांना मधुमेह आहे म्हणून. एवढी साखर ताब्यात आहे."

"छान केलंत," मी म्हटलं. खरंच छान केलं होतं त्याने. आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"मग साखर इतकी चांगली आहे तर..." तो थांबला. "तर काही फरक पडेल का पुढे?"

मी नर्स आहे. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येतं. पण सरांच्या भाच्याशी मला तसं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "जे गेलं ते त्याने परत येत नाही."

मग त्याच्या बायकोने लांबून काहीतरी विचारलं आणि तो तिला "आलो" म्हणाला.

"तरी मी नीटच ठेवतो," तो मला म्हणाला.

"ठेवा," मी म्हटलं.